बांधापलीकडे काय आहे?

सकाळी साडेसहाला फोन वाजला की नाव न बघताच मला पहिलं वाक्य माहीत असतं. "मॅडम, गवत लई झालंय. पंपाला किती टाकू?"

काय टाकू, ते नंतर. कुठलं गवत, कुठल्या पिकात, किती पानांवर आलंय, रानात ओल आहे का, हे तर फारच नंतर. आधी पंपाला, म्हणजे पाठीवरच्या फवारणीच्या एका टाकीला, किती.

मी निफाड आणि दिंडोरी तालुक्यांत द्राक्ष, कांदा आणि टोमॅटोवाल्यांना तणांबद्दल सल्ला देते. एवढंच काम. खतं नाहीत, कीड नाही, फक्त तण. राहुरीला कृषिविद्येत एमएस्सी केली तेव्हा हे ठरवलेलं नव्हतं. बरोबरचे लोक बँकेत गेले, कंपन्यांत गेले, काही अजून स्पर्धा परीक्षाच देतायत. मी तणांत अडकले. सासूबाई पाहुण्यांना माझी ओळख करून देतात ती अशी : "एवढं शिकली, आणि शेवटी गवतच बघायला जाती." यात चुकीचं काही नाही, त्यामुळे उत्तर देता येत नाही.

तर पंपाला किती. हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे आणि बारा वर्षं मी तेच सांगत आलेय. तणनाशकाचं प्रमाण एकराला असतं, पंपाला नाही. एक जण एकरात सहा पंप मारतो, दुसरा रमतगमत चालतो आणि बारा मारतो. दोघांनी पंपाला तेवढंच औषध टाकलं तर दुसऱ्याच्या रानात बरोबर दुप्पट पडतं. म्हणून मी आधी साधं पाणी भरायला लावते. तेहतीस फूट बाय तेहतीस फूट आखायचं, म्हणजे एक गुंठा. रोजच्या चालीनं फवारायचं, किती लिटर गेलं ते मोजायचं आणि चाळीसनं गुणायचं. पाच मिनिटांचं काम. पण मी पंपात नुसतं पाणी भरायला सांगितलं की शेतकऱ्याचा चेहरा असा होतो, जणू डॉक्टरनं गोळी न देता वजन करायला सांगितलं.

शिकलेलं सगळं मी विद्यापीठात शिकले असं म्हणायला मला आवडलं असतं. पण केना मला कळला तो कांद्याच्या रानात, एका मावशींकडून. सुरगाण्याहून निंदणीला येणारी टोळी होती. कांद्याची लागण पंधरा बाय दहा सेंटीमीटरवर, म्हणजे ओळींतलं तण काढणारं कोळपं चालत नाही. कांद्याची पात नळीसारखी उभी, ती जमिनीवर सावली धरत नाही, आणि मुळं वरच्यावर. त्यामुळे पहिले दीड-दोन महिने जे उगवेल ते कांद्याच्या तोंडचं खातं. लागणीच्या वेळी तणनाशक मारलं तरी एक हातनिंदणी सुटत नाही. बाया उकिडव्या बसून वाफ्यावाफ्यानं पुढे सरकत होत्या आणि मी वर उभी राहून वहीत तणांची नावं लिहीत होते. लॅटिनमध्ये.

मावशींनी केना उपटला नाही. खुरपं तिरकं घालून खालून उचलला, माती झटकली आणि माझ्यापुढे धरला. "ह्याचं वरचं फूल बघत्यात सगळी. पोटातलं बघ." वर ती दोन पाकळ्यांची निळी फुलं होती, सगळ्यांना माहीत असलेली. खाली, मुळांच्या जवळ, पांढरे धागे मातीत शिरलेले आणि त्यांच्या टोकाला फिक्या, मिटलेल्या कळ्या. त्या कधी उघडत नाहीत. मातीतच फळतात, मातीतच बी धरतात, आणि ते बी वरच्या बियांपेक्षा टपोरं असतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी. म्हणून केना नुसता वरून कापला की काम झालं असं होत नाही. उपटून ओल्या वाफ्यावर टाकला तर पेरापेरातून पुन्हा मुळ्या फुटतात. मावशी तो पाटीत भरून रस्त्याच्या तापलेल्या मुरमावर नेऊन टाकत होत्या. कोवळे शेंडे मात्र वेगळ्या फडक्यात. त्याची भजी होतात. घोळ, पाथरी, तांदुळजा, कुर्डू तेही त्याच फडक्यात. माझ्या वहीतली निम्मी यादी संध्याकाळी त्यांच्या ताटात होती.

लव्हाळ्याची भाजी मात्र कुणी करत नाही.

दिंडोरीकडे एका अण्णांनी नव्या द्राक्षबागेसाठी दोन एकर रान तयार करायला घेतलं. रानात लव्हाळा होता, पण ठिकठिकाणी, चट्ट्यांसारखा. अण्णांनी भर पावसाळ्यात, जुलैमध्ये, ओल्या रानात तीन वेळा रोटाव्हेटर फिरवला. ट्रॅक्टरवाला खूश, रान भुसभुशीत, फोटो स्टेटसला. दोन-तीन आठवड्यांनी मला बोलावलं तेव्हा दोन्ही एकर एकसारखे हिरवे होते. लांबून बघितलं तर भाताचं रोप टाकलंय असं वाटावं.

मी खाली बसले आणि खुरप्यानं एक काडी खोदायला घेतली. वर तीन बाजूंना पानं, खाली एक गाठ, काळपट, वालाच्या दाण्याएवढी. तिच्यापासून तारेसारखी मुळी निघालेली, चार बोटांवर दुसरी गाठ, मग तिसरी. एका जागी, वीतभर खोलीपर्यंत, सात गाठी निघाल्या. त्या अण्णांच्या उपरण्यावर ओळीनं मांडल्या. माळ अखंड असते तोवर पुढची गाठ फुटते आणि मागच्यांना झोपवून ठेवते. माळ तुटली की प्रत्येक गाठ स्वतःच्या मालकीची होते. रोटाव्हेटरनं ती माळ तोडली, गाठी रानभर पसरवल्या, वर पावसानं ओल दिली. अण्णा बराच वेळ उपरण्याकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे मी डिझेल जाळून पेरणी केली."

गंमत अशी की हीच नांगरट एप्रिल-मेमध्ये कोरड्या रानात केली असती तर अर्धा लव्हाळा मेला असता. या गाठीला सगळं सोसतं, वाळणं सोसत नाही. ढेकळं उलटी करून उन्हात दोन-तीन आठवडे तापू दिली की ती सुरकुतते आणि संपते. दुसरं तिला सोसत नाही ती सावली. म्हणून माझा सल्ला होता : उन्हाळ्यात कोरडी नांगरट, पावसाला दाट ताग, आणि लागण एक वर्ष पुढे. प्लॅस्टिकच्या मल्चिंगवर भरवसा ठेवू नका, लव्हाळा ते सुईसारखं भोसकून वर येतो. उसात त्याला हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल चालतं, पण द्राक्षात ते नको. अण्णांनी डॉगरीजच्या, म्हणजे ज्या खुंटावर द्राक्षाचं कलम बांधतात त्याच्या, रोपांचे पैसे नर्सरीत आधीच भरले होते. एक वर्ष थांबणं त्यांच्या गणितात बसेना. शेवटी एका एकरात लागण केली, एक एकर थांबवलं. दोन्ही बागा आज उभ्या आहेत. पहिल्या एकरात अजून दर पावसाळ्यात मजूर लागतात, आणि अण्णा तो खर्च मला आवर्जून सांगतात, जसा काही मीच केलाय.

दिवाळीच्या पहाटे सासूबाई उटणं लावतात तेव्हा त्यातला मोथ्याचा वास मला बरोबर कळतो. लव्हाळा त्याच घरातला. सणाच्या दिवशीसुद्धा सुटका नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. सात-आठ वर्षं झाली, आणि हे मी बैठकांमध्ये सांगते, पण सांगताना माझ्याकडून थोडं गुळगुळीत केलं जातं. इथे तसं करणार नाही.

निफाड तालुक्यात एका वाडीवर दोन चुलतभाऊ. एकाचा ऊस, दुसऱ्याची द्राक्षं, मध्ये एक बांध. भाऊबंदकी जुनी, वाटणीतल्या विहिरीवरून. ऊसवाल्या आबांनी एप्रिलच्या शेवटी मला फोन केला. खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात, चांदवेल माजलीय, उसाला गुंडाळून वर चढतेय, काय मारू? मी त्या दिवशी दुसऱ्या गावात होते. आबांनी व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. चांदवेलच होती. उसात रुंद पानाच्या तणाला टू-फोर-डी हे तणनाशक चालतं, हे कृषीच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलालाही माहीत असतं. मी लिहिलं, टू-फोर-डी, एकराला इतकं, पाणी दोनशे लिटर. पाठवलं आणि जेवायला बसले.

काय लिहिलं नाही ते आता सांगते. टू-फोर-डी तीन रूपांत मिळतं. सोडियम क्षार, अमाइन क्षार आणि इथाइल एस्टर. पहिली दोन त्या मानानं जागेवर राहतात. एस्टरची मात्र उन्हात वाफ होते आणि ती वाऱ्याबरोबर जाते, फवारा संपल्यावरही. कुठलं घ्यायचं ते मी लिहिलं नाही. दुकानात होतं ते दिलं गेलं, 38 टक्क्यांचं एस्टर. किती वाजता मारायचं तेही लिहिलं नाही. आबांनी दुपारी दोनला मारलं, कारण वीज सकाळी होती आणि सकाळ पाणी भरण्यात गेली. निफाडची थंडी दर हिवाळ्यात पेपरात येते. एप्रिलमधल्या दुपारी दोनचं निफाड कुणी छापत नाही.

आणि बांधापलीकडे काय आहे, हे मी विचारलंच नाही.

द्राक्षवाल्या तात्यांची खरड छाटणी, म्हणजे माल काढल्यावरची उन्हाळी छाटणी, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झालेली. काड्यांवर सहा-सात पानं, सबकेनसाठी, म्हणजे बाजूची उपकाडी फुटावी म्हणून, शेंडा मारायची वेळ. द्राक्षाचं हेच वय सगळ्यात हळवं. आणि टू-फोर-डीला द्राक्ष आणि कापूस यांच्याइतकं घाबरणारं पीक क्वचितच असेल.

मे महिन्यात तात्यांचा फोन आला. व्हायरस आलाय, म्हणाले. तोवर त्यांनी दोन वेळा सूक्ष्म अन्नद्रव्यं फवारली होती, कुणीतरी झिंक कमी आहे म्हणालं म्हणून. मी गेले. शेंड्याची पानं पंख्यासारखी झालेली, देठाजवळून शिरा एकमेकींना चिकटून समांतर निघालेल्या, फिकट, आणि कडेला करवतीसारखे दाते. शेंडे खाली वाकलेले. मला एका पानात कळलं. तरी मी तोंडानं काही बोलले नाही, ओळी मोजत आत गेले. बांधालगतच्या दोन ओळी पार वाकड्या. चौथ्या-पाचव्या ओळीत कमी. नवव्या ओळीत शोधावं लागलं. बाराव्यानंतर काहीच नाही. व्हायरस असा बांधावरून मोजत मोजत आत येत नाही.

परत बांधावर आले. तिथे तात्यांच्या आईनं वातींसाठी लावलेलं देवकापसाचं झाड होतं. देवकापसाची पानं मुळातच हाताच्या बोटांसारखी असतात. आता ती बोटं सुतळीसारखी झाली होती. त्या झाडाच्या पलीकडे ऊस होता आणि उसात तपकिरी, मेलेली चांदवेल. औषधानं काम चोख केलं होतं.

"कुणी मारलं?" तात्यांनी विचारलं. त्यांना उत्तर माहीत होतं, त्यांना फक्त माझ्या तोंडून आबांचं नाव हवं होतं. वीस वर्षांच्या भांडणाला एक साक्षीदार मिळत होता. मी म्हणाले, मी मारायला सांगितलं.

धीटपणा वगैरे काही नव्हता. मोबाइलमध्ये तो मेसेज होता, आज ना उद्या आबांनी दाखवलाच असता. तात्यांनी माझ्याकडे बघितलं, मग चपला घातल्या आणि घरात गेले. चहा आला, पण तो त्यांच्या सुनेनं आणून दिला.

आबांकडे गेले तर ते म्हणाले, "मी तर तुम्ही सांगितलं तेच मारलं." बरोबर होतं. पुढे ते असंही म्हणाले की त्याची बाग तशीही नीट नव्हती. ते बरोबर नव्हतं.

त्या वेली मेल्या नाहीत. पावसाळ्यापर्यंत नवी फूट सरळ निघाली, आणि ज्यांनी मेमध्ये पाहिलं नव्हतं त्यांना काही झालंय हे खरं वाटलं नसतं. पण खरड छाटणीनंतरचे ते दिवस काडीच्या डोळ्यात घड तयार व्हायचे असतात. ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाली आणि बांधालगतच्या सहा ओळींत एक तर घडच निघाले नाहीत, निघाले ते जिरले. तात्यांनी मला बोलावून दाखवलं. काही बोलले नाहीत, नुसते ओळीतून चालत राहिले, मी मागे. मी त्या वर्षी त्यांच्याकडून फी घेतली नाही. सहा ओळींची द्राक्षं त्यात भरून निघत नाहीत, हे आम्हा दोघांना माहीत होतं.

तेव्हापासून फोटोवर सल्ला बंद. फोनवर द्यायचाच झाला तर माझे प्रश्न संपल्यावर, आणि पहिला प्रश्न बांधाचा. पूर्वेला काय, पश्चिमेला काय, त्याला पानं किती, वारं कुठून. लोक वैतागतात. "मॅडम, औषध आमच्या रानात मारायचंय." द्राक्ष, टोमॅटो, कापूस, वेलवर्गीय भाजी यातलं काही शेजारी असेल तर मी टू-फोर-डीचं नावच काढत नाही, निंदून घ्या म्हणते, मजुरी लागली तरी. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवायचा आणि त्याला लाल पट्टा मारायचा, हाही नियम तेव्हाचाच. टू-फोर-डी वापरलेला पंप नुसता विसळून जात नाही. रबरी नळीत, वायसरात ते बसून राहतं, आणि पुढच्या वेळी त्याच पंपातनं टोमॅटोला बुरशीनाशक मारलं की मग बुरशीनाशकाला शिव्या. नोझलही वेगळा. कीटकनाशकाचा गोल धुकं करणारा नोझल तणनाशकाला नको, सपाट पट्टा मारणारा फ्लॅट फॅन हवा, थेंब जरा जाड पडतो आणि उडत नाही. शंभर-दीडशे रुपयांची वस्तू. लाखाची बाग असलेला माणूस तिथे घासाघीस करतो.

ग्लायफोसेटबद्दल दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच. लेबलवर ते चहाच्या मळ्यासाठी आणि पीक नसलेल्या जागेसाठी आहे, द्राक्षासाठी नाही. त्यात 2022 च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारनं अधिसूचना काढली की ते परवानाधारक कीड नियंत्रण करणाऱ्यांमार्फतच वापरायचं. कागद एकीकडे, दुकान दुसरीकडे. मी कागदाच्या बाजूनं बोलते आणि वर एक कारण देते जे कागदापेक्षा लवकर पटतं : खोडाच्या हिरव्या फुटव्यावर ते पडलं तर वेलीच्या आत जातं, साठतं, आणि पुढच्या छाटणीला डोळे फुटतात तेव्हा पानं चिंचेच्या पाल्याएवढी येतात. एवढं ऐकल्यावर बहुतेक जण गप्प बसतात.

खरं तर बागेत पावसाळ्यात ओळींमधलं सगळं गवत मारायची गरजच नसते. ग्रास कटरनं वीतभर ठेवून कापा, माती वाहून जात नाही, ट्रॅक्टर रुतत नाही. वेलीच्या बुंध्याजवळचा पट्टा तेवढा मोकळा ठेवा. पण शेजारच्या काकांनी रान चकाचक ठेवलेलं असतं आणि आपल्यात गवत दिसलं की आळशी ठरतो. लाजेपोटी मारलेलं तणनाशक हा एक वेगळाच खर्च आहे, तो कुठल्या ताळेबंदात येत नाही.

गाजरगवत मात्र त्यात धरत नाही, ते फुलायच्या आत गेलंच पाहिजे. 1955 च्या सुमारास पुण्यात नोंदलं गेलं आणि आता आपल्याकडचा असा बांध दाखवा जिथे ते नाही. पिठ्या ढेकूण त्यावर राहतो आणि तिथून द्राक्षात येतो. हातमोज्याशिवाय उपटू नका, कातडीला उठतं. मी जुलै-ऑगस्टमध्ये एक वेगळा उद्योग करते, ज्यामुळे घरचे मला पूर्ण वाया गेलेली समजतात. मेक्सिकन भुंगे गोळा करते. झायगोग्रामा, पांढरट पाठीवर काळ्या नागमोडी रेघा, गाजरगवताशिवाय फारसं कशाला तोंड लावत नाही. ऐंशीच्या दशकात तो आपल्या देशात मुद्दाम आणून सोडला गेला. जिथे भरपूर झालाय तिथून भोकं पाडलेल्या बाटलीत भरायचा आणि जिथे नाही तिथल्या बांधावर नेऊन सोडायचा. मागच्या पावसाळ्यात एक बाटली गाडीत उघडी राहिली. आठवडाभर स्टिअरिंगवर भुंगे चालत होते.

आबा आणि तात्या अजून बोलत नाहीत. दोघंही माझ्याकडे येतात, तात्या दुसऱ्या वर्षी परत आले, का ते मी विचारलं नाही. त्यांनी बांधाच्या त्या बाजूला शेवरीची दाट ओळ लावलीय. देवकापूसही आहे. म्हातारी अजून त्याच्या वाती वळते.

दर एप्रिलला आबांचा फोन येतो. औषधाचं नंतर. आधी विचारतात, "त्याची छाटणी झाली का?" आबांच्या ओसरीवरच्या बाजेवरून तात्यांची पूर्ण बाग दिसते. तरी मी तात्यांना फोन करते, तारीख विचारते, आणि आबांना कळवते. "बरं," म्हणतात आबा. "मंग यंदा मी बाया लावून निंदूनच घेतो. तुम्ही त्याला सांगू नका."

मी सांगते. तात्या नुसतं "हं" म्हणतात.